भुताची केस हातात आली तर

‘वकीलसायबानू, तां माणूस नाय हुतां.’

असं म्हणणारा आशील समोर बसला की त्याला गप्प करू नका आणि मानही डोलावू नका. कागद ओढा आणि एकच विचारा: कोयता मारताना समोर काय दिसत होतं? काय वाटत होतं ते नंतर. वेंगुर्ल्यात बसून मी तीसेक वर्षं सेशन्सची कामं केली, त्यात असले आशील मोजकेच आले. पण प्रत्येकाची केस या एका उत्तरावर तरली किंवा बुडाली.

तो म्हणाला, ‘पांढरां कायतरी हलत हुतां’, तर तुमच्याकडे बचाव आहे. दंड संहितेचं कलम 79, आता न्याय संहितेचं 17. (घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुनंच कलम लावा, यात ज्युनियर हमखास चुकतात.) वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, ती सद्भावनेने झाली, आणि त्याला वाटलं तसंच खरोखर असतं तर तो गुन्हा ठरला नसता, एवढं दाखवायचं. भूत मारल्याबद्दल खुनाचं कलम लागत नाही, कारण खून माणसाचा होतो.

पण तो म्हणाला, ‘शेजारच्या म्हातारीन करणी केली, झील गेलो, म्हणान मारलंय’, तर फाईल मिटा. समोर म्हातारी आहे हे त्याला ठाऊक होतं. विश्वास कितीही खरा असो, माणूस समजून माणूस मारला की 17 संपलं. ‘तीव्र आणि अचानक चिथावणी’ मांडणारे वकील मी पाहिलेत. पोर गेलं पावसाळ्यात आणि कोयता उचलला दिवाळीनंतर, त्याला अचानक कोण म्हणेल? फार तर शिक्षेच्या वेळी बोलता येतं. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा, जमीन गहाण पडायच्या आधी.

अशा केसमध्ये भगताला साक्षीला आणायचा मोह होतो. अमुक बाई करणी करते असं सांगत फिरणं हाच 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. भगत पिंजऱ्यात उभा राहून ते कबूल करणार नाही. केलंच, तर तुमच्या आशिलाचा हेतू मात्र पक्का करून जाईल.

तिसरा प्रकार, ‘अंगात इला हुतां’. त्याला वेडाच्या बचावाचं कलम 84, आता 22, आणि मनोविकाराचे घटनेच्या आधीचे कागद लागतात. शिमग्यात अवसर (देवाचा संचार) येतो हा वेडाचा पुरावा नव्हे. तापाने चिडलेल्या बापाने रडणारी दोन पोरं मारली, त्या लक्ष्मण दगडूच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने 1886 सालीच सांगितलं की आपण काय करतोय हे कळत असेल तर हे कलम नाही.

आता 17 कडे. सोबत तीन निकाल ठेवा: लाहोरचा वर्याम सिंग (1926), पाटण्याचा बोंडा कुई (1943) आणि ओरिसाचा राम बहादूर थापा (1960). तिसरा अक्षरशः पाठ करा. बालासोरजवळच्या रसगोविंदपूरच्या ओस पडलेल्या विमानतळावर विमानांचं भंगार घ्यायला कलकत्त्याचा व्यापारी आला होता, थापा त्याचा नेपाळी नोकर. मे 1958 ची रात्र. तिथे भुतं फिरतात असं गाव सांगत होतं. लांब लुकलुकता उजेड दिसला, भोवती आकृत्या नाचताहेत असं वाटलं. थापा पुढे धावला आणि खुकरी चालवली. त्या मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाया होत्या. एक मेली, दोघी जबर जखमी. तो सुटला, हायकोर्टातही. आणखी खबरदारी घेतली असती तर हे टळलं असतं, एवढ्यावरून संरक्षण नाकारता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. लक्षात घ्या, त्या बायांजवळ कंदील होता, म्हणजे उजेड असूनही तो सुटला.

हा निकाल मी उशिरा वाचला, आणि त्याची किंमत माझ्या आशिलाने मोजली. आंब्याच्या राखणीला बसलेला गडी. रात्री आंब्याच्या झाडांत खसफस झाली, यानं कोयता घातला, मेला तो पलीकडच्या वाडीतला माणूस. मी गावऱ्हाटी (गावच्या देवांची रीत), राखणदार आणि देवचार (गाव राखणारे, न दिसणारे) असं सगळं झकास मांडलं. मुद्देमालाची यादी मात्र नीट वाचली नव्हती. तिसऱ्या नंबरला होतं, ‘एक बॅटरी, स्टीलची’. सरकारी वकिलांनी ती मागवली, सील तोडलं आणि बटण दाबलं. कोर्टातल्या भिंतीवर पिवळा गोल पडला. वर्ष उलटलं तरी सेल चालू, म्हणजे त्या रात्री आशिलाजवळ उजेड होता. कोणी काही बोललं नाही. जन्मठेप झाली. थापाच्या निकालातला कंदील तेव्हा माझ्या हातात असता तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

तेव्हा यादी आधी वाचा. मग पंचनाम्याची तारीख घेऊन पंचांग उघडा. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि फिर्यादीत घटना रात्री साडेदहाची असेल तर काळोख तुमचा. भूत होतं हे सिद्ध करायचंच नसतं, काळोख सिद्ध करायचा असतो.

पुढे शवविच्छेदनातल्या जखमा मोजा. एक-दोन असतील तर ठीक. नऊ असतील तर पहिल्या घावाला ‘आई गे’ ओरडलेला माणूस पुढच्या आठांना भूत कसा राहिला, याचं उत्तर आशिलाकडून आजच काढा. नंतर काय केलं तेही. बोंबलत वाडीत आला तर सोनं. कोयता विहिरीवर धुतला तर कठीण. आणि प्यायला होता का? स्वखुशीने घेतली असेल तर नशेने झालेल्या चुकीला सद्भावना म्हणवत नाही.

गावाची समजूत सरकारी साक्षीदाराच्या तोंडून आणा. न्यायाधीश बहुधा घाटावरचे असतात, त्यांना राखणदार म्हणजे वॉचमन वाटतो. मी पोलीस पाटलाला विचारलं, ‘आरवलीच्या वेतोबाला एवढ्या मोठ्या वहाणा कशाला वाहतात?’ तो सरळ म्हणाला, ‘देव रात्रीचो फिरता, झिजतत.’ साहेबांनी पेन थांबवून वर पाहिलं. माझी दहा पानांची लेखी बाजू त्या एका वाक्यापुढे फिकी होती.

अपवाद (म्हणजे 17 सारखा बचाव) सिद्ध करायचा भार आरोपीवर, साक्ष अधिनियम 108, पण तराजू थोडा झुकवला की पुरे, सरकारइतकं घट्ट लागत नाही. मात्र ही गोष्ट पहिल्या साक्षीदाराच्या उलटतपासणीपासून दिसली पाहिजे आणि आरोपीच्या 351 च्या जबाबात (पूर्वीचा 313) तशीच्या तशी यायला हवी. युक्तिवादात पहिल्यांदा उगवलेलं भूत कोणी मानत नाही.

शेवटचं, जागेवर जा. दुपारी नाही, त्याच तिथीला, त्याच वेळेला. मी एकदा एका ज्युनियर बाईंना घेऊन गेलो होतो. पाणंदीच्या वळणावर दोघं थबकलो. पुढ्यात माणसाएवढं पांढरं उभं, वर-खाली होणारं. बावीस पावलांवर रानडुकरांसाठी काठीला बांधलेलं खताचं पोतं निघालं. ते अंतर मी नकाशात घालून घेतलं. पावलं मात्र मला एकट्यालाच मोजावी लागली, बाई वळणापलीकडे यायला तयार होईनात. त्यांनी वकीलपत्रावर सही केलेली होती, नाहीतर तिथल्या तिथे साक्षीदार म्हणून नाव घातलं असतं.