लाकडी रिमोट बोट घरी बांधताना: आधी शाफ्ट सुतात आणा, रंगाचं नंतर बघू

घरी बोट बांधण्याबद्दलचे बहुतेक सल्ले नको तिथे लांबतात. डेकवर फळ्यांच्या रेषा कशा आखाव्यात, कठडे कशाचे करावेत, रंगाचे हात किती द्यावेत, यावर पानंच्या पानं. मोटर आणि पंखा यांना जोडणाऱ्या दांड्याबद्दल, म्हणजे शाफ्टबद्दल, मात्र एकच ओळ: ‘आता शाफ्ट बसवून घ्या.’ बसवून घ्या म्हणे! बोट थरथरते, बॅटरी बघता बघता बसते, तळाशी पाणी साचतं, यातलं बरंचसं त्या एका ओळीत दडलेलं असतं. म्हणून इथे उलटं करतो.

सांगाडा

पहिल्या बोटीसाठी 60 ते 75 सेंटिमीटर लांबीची, कडांना स्पष्ट कोन असलेली टगबोट किंवा लाँच निवडा. गोल पोटाची बोट पट्टी-पट्टी जोडून करावी लागते. तो हट्ट दुसऱ्या खेपेला. कणा 6 मिलिमीटर प्लायचा, बरगड्या 3 मिलिमीटरच्या. सपाट पाटावर मध्यरेषा आखा, बरगड्या उलट्या उभ्या करा, प्रत्येक गुण्यात (काटकोनात) आहे का बघा. लांब पट्ट्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आलटूनपालटून चिकटवा, नाहीतर सांगाडा पिळतो. गोंद पाण्याला टिकणारा हवा. तळाचा प्लाय अजून चढवायचा नाही.

शाफ्ट

या टप्प्याने मला बराच काळ दमवलं, तेव्हा सावकाश वाचा. सामान साधं आहे: 4 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट, त्याभोवती पितळी नळी, नळीच्या दोन्ही टोकांना बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या कड्या). नळी कण्यातून तिरपी बाहेर येते, बाहेर पंखा, आत मोटर. मोटरचा आस आणि शाफ्ट एका रेषेत हवेत, एवढंच. अडचण अशी, की नळी आज चिकटते आणि मोटर उद्या, आणि दोन्ही नजरेच्या अंदाजाने.

‘युनिव्हर्सल जॉइंट आहे ना, थोडा कोन चालतो,’ हा मी ऐकलेला सर्वात महागात पडणारा सल्ला. जॉइंट, म्हणजे मोटर आणि शाफ्टमधला वळू शकणारा सांधा, बारीकसा फरक सांभाळून घेतो, पण कोन वाढेल तशी थरथर, आवाज आणि झीज वाढते.

कण्यात तिरपं भोक पाडू नका. लांब ड्रिल प्लायच्या थरांत हमखास भरकटतं. करवतीने नळीपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर रुंद अशी लांब खाच कापा आणि दोन्ही गालांना प्लायचे तुकडे चिकटवून कण्याची गेलेली ताकद परत आणा. खाच सैल असू दे. हलवायला जागा आहे म्हणूनच रेष साधते.

कोन आधी कागदावर, पूर्ण मापाच्या आकृतीवर ठरवा. शाफ्ट जितका आडवा तितकं चांगलं. 5 ते 8 अंशांत बसवायचा प्रयत्न करा. पण नळीचं आतलं टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहिलं पाहिजे, म्हणजे नळीत भरलेलं ग्रीस संपलं तरी उभ्या बोटीत पाणी चढत नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. तोड एकच: नळी लांब घ्या आणि मोटर पुढे सरकवा. त्याच आकृतीत खरा पंखा धरून बघा. पात्याचं टोक आणि तळ यांत 3-4 मिलिमीटर मोकळे हवेत, आणि सुकाणू न काढता शाफ्ट मागे ओढून काढता आला पाहिजे. ग्रीस भरायची वेळ आली की या शेवटच्या गोष्टीची किंमत कळते.

आता खरी युक्ती. जॉइंटच्या जागी तात्पुरता ताठ जोड वापरायचा: पितळेचा तुकडा, एका टोकाला मोटरच्या आसाचं छिद्र (540 आकाराच्या मोटरला 3.17 मिलिमीटर), दुसऱ्याला शाफ्टचं 4 मिलिमीटरचं. लेथवर करून घ्या किंवा एकात एक बसणाऱ्या नळ्यांना डाख लावून बनवा. लांबी खऱ्या जॉइंटइतकीच ठेवा, नाहीतर नंतर मोटर सरकवावी लागेल आणि सगळी मेहनत वाया. मोटर तिच्या बैठकीवर आवळा, ताठ जोडाने शाफ्टला जोडा आणि मोटर, शाफ्ट, नळी हा सगळा एकसंध दांडा सांगाड्यात ठेवा. आता रेष चुकूच शकत नाही, बैठक त्या रेषेला येऊन चिकटते.

नळी आणि बैठक आधी गोंदाच्या एकेका थेंबावर टेकवा. पंखा बोटाने फिरवा. एका फेऱ्यात एकाच जागी जड लागलं तर कुठेतरी ताण आहे. थेंब तोडा, पुन्हा टेकवा. पूर्ण फेरा सारखा हलका लागला की मगच सावकाश सुकणारं इपॉक्सी, त्यात लाकडाचा बारीक भुसा कालवून, खाचेत आणि बैठकीखाली भरा. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे वापरू नका. तुम्ही नीट करेपर्यंत ते हट्टाला पेटलेलं असतं. पितळ आधी पॉलिशपेपरने खरवडा, गुळगुळीत पितळावरून इपॉक्सी सोलून निघतं. बुशवर चिकटपट्टी लावा. रात्रभर हात लावू नका.

मग ताठ जोड काढून जॉइंट बसवा. आधी नुसत्या मोटरला ॲमीटर लावून आकडा बघा, मग शाफ्ट जोडून. आकडा थोडा चढणारच. फार उसळला तर पुन्हा बैठक तपासा, मोटरला दोष देऊ नका. शाफ्टला पुढे-मागे अर्धा मिलिमीटर खेळ ठेवा आणि जॉइंटचा स्क्रू जिथे टेकतो तिथे कानशीने छोटा सपाट भाग करा.

बाकीचं

तळ आणि बाजूंना दीड-दोन मिलिमीटरचा प्लाय चढवा. आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात, बाहेरून बारीक काचकापड. रंग हवा तो.

1898 साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली. आज तो रेडिओचा भाग इतका सोपा झालाय की सांगण्यासारखं फार उरलेलं नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जेमतेम जातात, म्हणून रिसीव्हरच्या तारेचं टोकाचं उघडं 3 सेंटिमीटर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. फ्यूज बॅटरीजवळ. पहिल्या बोटीला ब्रशची मोटर आणि 7.2 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी पुरे. लिथियमचे नखरे नंतर. बोट स्टँडवर ठेवून, पंखा फिरत असताना ट्रान्समीटर बंद करा. पंखा थांबला नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नका. चालू करताना ट्रान्समीटर आधी, बंद करताना बोट आधी.

वजन टबात ठरवा. गोड्या पाण्यात बोट जितकं लिटर पाणी बाजूला सारते तितकेच किलो तिचं वजन असतं, त्यामुळे ठरलेल्या रेषेपर्यंत बुडवायला किती शिसं लागेल हे आधीच काढता येतं. शिसं शक्य तितकं खाली आणि मध्यरेषेवर, बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधा, सगळं ठरल्यावरच चिकटवा. नाळेत आणि मागच्या टोकाला फोमचे ठोकळे कोंबा, म्हणजे पाणी भरलं तरी बोट तळाला जाणार नाही.

पहिली फेरी काठाला धरून, अर्ध्या वेगात. दहाएक मिनिटांनी बोट उचला, झाकण उघडा आणि नळीच्या आतल्या टोकाखाली कोरडा कागद फिरवा. ओला निघाला तर आधी ग्रीस भरा. तरीही ओला, तर बुश बदला. मोटर आणि जॉइंटला हात लावून बघा: जॉइंट गरम लागला तर बोट परत टेबलावर, ताठ जोड पुन्हा बाहेर काढा. घरी नेल्यावर झाकण उघडंच ठेवा, आतली ओल जाईपर्यंत.