खेळणी निवडताना या चुका टाळा

खेळण्यावर पैसे घालायचे तर त्यातून मुलाने काही शिकलेही पाहिजे, हा मध्यमवर्गीय आईचा हिशेब गैर नाही. गफलत होते ती खोक्यावरचा ‘शैक्षणिक’ हा शब्द प्रमाणपत्रासारखा वाचण्यात, कारण तो उत्पादकाने विक्रीसाठीच छापलेला असतो. बटण दाबताच अक्षरे, गाणी आणि प्राण्यांचे आवाज ऐकवणारे खेळणे घरात आले की बोलण्याचे काम तेच करू लागते. १० ते १६ महिन्यांच्या बाळांचा एक अमेरिकी अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुस्तके किंवा साधे ठोकळे हाती असतानाच्या तुलनेत अशा खेळण्यांसोबत पालक बाळाशी कमी बोलले. असे खेळणे आधीच घेतले असेल, तर सेल काढून तेच पुन्हा मुलापुढे ठेवावे. गाय मुकी झाली की हंबरण्याचे काम मुलाकडे येते. (आवाज बंद करण्याची सोय अनेक खेळण्यांत का नसते, हे उत्पादकच जाणोत.)

‘आमचा वयाच्या मानाने हुशार आहे’ म्हणून मोठ्या वयाचे खेळणे घेणे ही अधिक गंभीर चूक आहे. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना बुद्धीविषयी नसून घशात अडकू शकणाऱ्या सुट्या भागांविषयी असते. टिश्यू पेपरच्या रोलची पोकळ नळी घ्यावी. जो भाग तिच्यातून आरपार जातो तो लहानग्याच्या हाती देऊ नये, आणि थोरल्या भावंडाच्या खेळण्यांनाही हाच नियम लावावा. बटणासारखा चपटा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला २ तासांतही गंभीर इजा होऊ शकते, म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे. तशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ढीगभर खेळणी असूनही मूल कंटाळत असेल, तर नवे खेळणे आणण्याआधी निम्म्याहून अधिक उचलून कपाटात ठेवावीत आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करावी. २०१८ च्या एका प्रयोगात १६ ऐवजी ४ खेळणी समोर असताना लहान मुले प्रत्येक खेळण्यात अधिक वेळ रमली.

याउलट, महागडे खेळणे ‘खराब होईल’ म्हणून उंच फळीवर ठेवून पाहुणे आल्यावरच खाली काढले जाते. जे मोडल्यास आपल्यालाच रडू येईल ते घेऊ नये. त्याच पैशांत पुढे आणखी जोडता येतील असे ठोकळे घ्यावेत, आणि सुटे भाग वेगळे मिळतात का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.