सीमाभागातल्या खेड्यांमध्ये गुंतवणूक आणि रोजगार आणायचाय? मग आधी हे करा

दोन देशांच्या सीमेलगतच्या भागात कारखाने यावेत म्हणून बैठक बसली की पहिला विषय निघतो करसवलतीचा. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय सगळ्यात शेवटी घ्या. सूट काय कोणीही देतं, शेजारचा जिल्हा देतो, सीमेपलीकडचा देश पण देतो आणि कदाचित तुमच्यापेक्षा जास्तच देतो. पैसे लावणारा माणूस आधी विचारतो ते वेगळंच, माल किती वेळात बाहेर पडेल, लाइट किती वेळ जाते, कामाला माणसं मिळतील का, आणि जमिनीवर उद्या कोणी केस टाकणार नाही ना. ह्या चार प्रश्नांची खरी उत्तरं लिहून ठेवा, बाकीचं नंतर.

सुरुवात नाक्यापासून करा. एक माणूस सीमेवरच्या नाक्यावर सलग काही दिवस बसवा आणि त्याला फक्त वेळा लिहायला सांगा, ट्रक रांगेत कधी लागला, ड्रायव्हर पहिल्या खिडकीवर कधी पोचला, कागद परत कशासाठी पाठवले, तपासणीला माणूस कधी आला, आणि पलीकडे गेल्यावर तेच कागद पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागले का. ही वही भरली की उशीर नेमका कुठे होतोय ते कळतं, आणि बऱ्याचदा तो रस्त्यामुळे नसतोच, तो असतो दोन देशांच्या दुहेरी तपासणीमुळे किंवा दुपारनंतर अधिकारी जागेवर नसल्यामुळे. झांबिया आणि झिम्बाब्वेच्या मध्ये चिरुंडूला असेच ट्रक दिवसेंदिवस अडकायचे, 2009 मध्ये तिथे दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी सुरू केली आणि थांबण्याचा वेळ खूप कमी झाला. एवढा मोठा बदल तुमच्या हातात नसेल, पण नाक्याची वेळ वाढवून घेणं, भाजीपाला-दुधासारख्या नाशवंत मालाला वेगळी रांग मागणं, हे वही पुढे ठेवून नक्की मागता येतं. नुसतं निवेदन दिलं तर ते फाइलमध्ये जातं, तारीख-वेळेसकट नोंदी दिल्या की उत्तर द्यावंच लागतं.

विजेचंही तसंच, सबस्टेशनमधून किती तास पुरवठा खंडित झाला त्याची नोंद मागून घ्या आणि ती लपवू नका, गुंतवणूकदार स्वतः चौकशी करतोच आणि तुमचं एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

मग माणसं. "आमच्याकडे तरुण भरपूर आहेत" ह्या वाक्याचा काही उपयोग नाही. घरोघरी जाऊन यादी करा, वेल्डिंग कोणाला येतं, शिलाई मशीन कोण चालवतं, वायरिंग कोण करतं, दोन्ही बाजूंच्या भाषा कोणाला बोलता येतात (सीमाभागाची ही खरी ताकद आहे आणि ती कोणी मोजतच नाही), आणि कामासाठी बाहेर गेलेल्यांपैकी काम मिळालं तर परत कोण येईल. बायकांना वेगळं विचारा, कारण किती अंतरापर्यंत आणि किती वाजेपर्यंत काम जमेल ह्यावर त्यांचं सगळं अवलंबून असतं, तिथे एक भरवशाची बस कारखान्याच्या जाहिरातीपेक्षा जास्त काम करते.

आता कोणता उद्योग बोलवायचा. मेक्सिकोने 1965 मध्ये अमेरिकेच्या सीमेलगत जोडणीचे कारखाने आणायची योजना काढली, सुटे भाग बिनाशुल्क आत आणायचे, जोडायचे आणि परत पाठवायचे. तिहुआना, सिउदाद हुआरेस इथे लाखो नोकऱ्या आल्या हे खरं, पण स्थानिक माल ह्या कारखान्यांनी अगदी थोडा घेतला, म्हणून 2001 मध्ये अमेरिकेत मंदी आली तेव्हा नोकऱ्याही झपाट्याने गेल्या. म्हणून पहिल्याच बोलणीत विचारा की इथून काय विकत घ्याल. पॅकिंग, वाहतूक, दुरुस्ती, कॅन्टीन, कच्चा माल, जे इथे मिळू शकतं ते इथूनच घ्यायचं. तुमच्या भागात पिकतं त्यावर प्रक्रिया करणारा छोटा उद्योग मला मोठ्या जोडणी कारखान्यापेक्षा बरा वाटतो, कारण त्याला उठून दुसरीकडे जाणं सोपं नसतं.

आणि बाहेरच्यांच्या मागे धावण्याआधी जे आधीपासून इथे धंदा करतायत त्यांच्याकडे जा. पिठाची गिरणी, लाकडाची वखार, वीटभट्टी, दूध संकलन, प्रत्येकाला एकच विचारायचं, अजून दोन माणसं ठेवायला काय अडतंय? कोणाला कर्ज अडतं, कोणाला थ्री-फेज कनेक्शन, कोणाला एक परवाना. हे सोडवायला पैसा कमी लागतो, आणि नवा गुंतवणूकदार आला की गुपचूप आधी ह्याच लोकांना विचारून जातो.

पलीकडच्या बाजूशी बोलणं टाळू नका. जर्मनी-नेदरलँड्सच्या सीमेवरच्या गावांनी 1958 मध्येच युरेजिओ नावाने एकत्र काम सुरू केलं. भारत-बांगलादेश सीमेवर 2011 मध्ये मेघालयात कलाईचरला सीमा हाट सुरू झाला, सुरुवातीला तिथे आसपासच्या 5 किलोमीटरमधल्या लोकांना एकमेकांचा माल घेता-विकता यायला लागला. अशा छोट्या बाजारातून कोणता माल पलीकडे चालतो ते कळतं, आणि पुढच्या उद्योगाची खरी माहिती तिथेच मिळते. रोज पलीकडे कामाला जाणारे असतील तर त्यांचा विमा, पेन्शन आणि कर कोणत्या देशात लागतो हे एका पानावर लिहून द्या, लक्झेंबर्गमध्ये तर जवळजवळ निम्मे कामगार शेजारच्या देशांतून रोज येतात आणि तिथे हे नियम ठरलेले आहेत म्हणूनच ते चालतं.

सवलतीचं आता बोला. एकदम देऊ नका, टप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्पा पगारपत्रकावर दिसणाऱ्या स्थानिक नोकऱ्यांना बांधा. जमीन विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याने द्या, ठरलेल्या मुदतीत बांधकाम झालं नाही तर परत येईल असं कलम टाका, सवलतीची मुदत संपायच्या आधीच कारखाना सोडून गेला तर घेतलेली सूट परत करायची हेही लिहून घ्या. आणि सह्या होण्याआधी तो करार ग्रामसभेत मराठी किंवा तिथल्या लोकांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा.