इअरफोनच्या आवाजाला नावं ठेवण्याआधी: आयईएम तपासताना या चुका टाळा

हजार-दोन हजारांत आता चांगले वायरचे इन-इअर मॉनिटर (आयईएम), म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, मिळतात. त्यामुळे सोलापुरातही कॉलेजची मुलं, तबला-पखवाजवाले, ऑर्केस्ट्रात गाणारे असे सगळेच आयईएम घ्यायला लागलेत. पार्सल फोडल्यावर पहिली तक्रार ठरलेली असते: "बेसच नाही राव, पैसे पाण्यात गेले." अशा बहुतेक वेळा दोष वस्तूत नसतो. ती कानात नीट बसलेलीच नसते. आधी बैठक, मग आवाजाची पारख, हा क्रम उलटा झाला की चांगली जोडी परत जाते आणि तिच्या जागी आलेली दुसरीही तशीच वाटते.

लावून आलेली मधली टिप तशीच ठेवणं

आयईएमचा बेस, म्हणजे खर्जाचा भरदार आवाज, सीलवर अवलंबून असतो. कानाची नळी आणि टिप (टोकाची मऊ टोपी) यांच्यात हवाबंद जागा झाली तरच इवलासा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) तिथल्या हवेवर पुरेसा दाब आणू शकतो. केसाएवढी फट राहिली तरी सगळ्यात आधी खालचा बेस निसटतो. तबला ऐकताना हे चटकन कळतं. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि चाटेचा आवाज तेवढा टोचत राहतो.

बसवायचं कसं ते नीट सांगतो. बहुतेक आयईएमची वायर कानावरून मागे न्यायची असते, साध्या इअरफोनसारखी खाली सोडायची नसते. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा. त्याने नळी सरळ होते. तोंड थोडं उघडा, टिप आत सरकवा, शेल (बाहेरचा कडक भाग) किंचित पुढे-मागे फिरवून खळग्यात बसू द्या आणि मग पाळी सोडा. आता गाणं लावू नका. तोंड मिटून "म्‌म्‌म्" असा खर्जात हुंकार द्या. सील लागलं असेल तर तुमचाच आवाज डोक्यात दोन्हीकडे सारखा घुमतो. ज्या बाजूला कमी घुमतो, तिथे हवा जातेय. पुढची परीक्षा जबड्याची: कडक भाकरी चावताना हलतो तसा जबडा हलवून पाहा. बेस येत-जात राहिला तर त्या बाजूची टिप बदला.

दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या असतातच असं नाही. डावीकडे मध्यम आणि उजवीकडे मोठी टिप लागली तर बिनधास्त लावा. सैल वाटतं म्हणून थेट सगळ्यात मोठी टिप घेणंही बरोबर नाही. ती आत जातच नाही, तोंडाशीच अडकते आणि सील आणखी बिघडतं. कधी कधी एक माप लहान टिप खोलवर जाऊन जास्त घट्ट बसते.

दुखतंय कुठे तेही पाहा. नळीच्या आत दुखत असेल तर टिप मोठी आहे, ती बदलता येते. बाहेरच्या खळग्यात दुखत असेल तर शेलच तुमच्या कानाला मोठं आहे, त्याला टिपेचा इलाज नाही. परत करण्याची मुदत संपण्याआधी तास-दीड तास सलग घालून बसा. पाच मिनिटांत हे दुखणं समजत नाही.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. घामाने सिलिकॉनची टिप हळूहळू बाहेर सरकते. फोमची टिप जास्त धरते, पण ती बोटांनी बारीक दाबून आत घालायची आणि फुगेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवायची. फोमने वरचा ट्रेबल (उंच, तीक्ष्ण सूर) थोडा मऊ होतो, ज्यांना टोकदार आवाज सोसत नाही त्यांना तो फायदाच. मात्र फोम घाम आणि मळ शोषतो, म्हणून काही महिन्यांनी बदलावाच लागतो.

जो मोठ्याने वाजतो तो चांगला समजणं

दोन जोड्यांची तुलना करताना फोनचा व्हॉल्यूम त्याच आकड्यावर ठेवणं ही फार मोठी चूक आहे. प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठं वाजतं ते) वेगळी असते, त्यामुळे तोच आकडा एकात मोठा वाजतो आणि दुसऱ्यात दबका. कानाचा स्वभाव असा की आवाज कमी असला की त्याला बेस आणि वरचा ट्रेबल तुलनेने जास्तच कमी ऐकू येतो. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणून नुसता एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला "भरलेला" वाटतो.

यावर उपाय सोपा आहे. एकाच गायकाचा आवाज दोन्ही जोड्यांत सारखा मोठा वाटेल असे व्हॉल्यूमचे दोन आकडे शोधून लिहून ठेवा. मग गाण्याचा तोच अर्धा मिनिटाचा तुकडा आलटून पालटून ऐका. आवाजाची बारीक आठवण फार टिकत नाही. काल ऐकलेल्या जोडीशी आज तुलना करण्यात अर्थ नाही.

नवी पेठेत भर बाजारात निकाल देणं

दुकानात ऐकायला मिळत असेल तर जरूर ऐका, स्वतःच्या मापाच्या टिपा खिशात नेल्या तर स्वच्छतेचंही बरं. पण रिक्षा, बस, जनरेटर यांची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती बरोबर बेसलाच झाकते. तिथे जी जोडी दमदार वाटली, ती रात्री घरी बोजड वाटू शकते. शेवटचा निर्णय शांत खोलीत घ्या. उन्हाळ्यात जड जातं, तरी पाच मिनिटं पंखा बंद करा.

गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम चढवणं तर टाळाच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमागांची खडखड असो की मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा डबा, चांगलं सील बाहेरचा बराच आवाज अडवतं आणि कमी व्हॉल्यूमवर भागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून हा हिशेब मनावर घ्या. कारखान्यात मात्र आयईएम हे कानांच्या संरक्षक प्लगची जागा घेऊ शकत नाहीत.

मिरवणुकीचा व्हिडिओ लावून बेस मोजणं

गणपतीच्या मिरवणुकीत मोबाईलवर शूट केलेला ढोल-लेझीमचा व्हिडिओ लावून "फाटतोय" म्हणणारे बरेच भेटतात. फाटतो तो व्हिडिओच. इतका मोठा आवाज फोनच्या माईकला झेपत नाही, शिवाय फोन स्वतःच पातळी वर-खाली करत राहतो. बिघाड रेकॉर्डिंगमध्ये असेल तर कितीही महागडे आयईएम लावले तरी तो तसाच ऐकू येणार.

त्याऐवजी स्टुडिओतलं, तुमच्या अंगवळणी पडलेलं रेकॉर्डिंग घ्या. मी सगळ्यात आधी तानपुरा ऐकतो. जवारी नीट लागलेल्या तारेतून स्वरांचा जो झरा निघतो, तो मिड्स (मधली पट्टी) आणि ट्रेबल दोन्हीची परीक्षा घेतो. वाईट आयईएममध्ये नुसती भणभण उरते. मग टाळ. टाळांची किणकिण विरत जाताना ऐकू यावी, कानात सुई गेल्यासारखी होऊ नये. गायिकेच्या "स" आणि "श" कडे लक्ष द्या, ते सारखे शिट्टीसारखे निघत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. डग्ग्याची मींड ऐकताना घुमारा वर-खाली सरकलेला कळला पाहिजे. सगळे ठोके एकाच "धप्प" आवाजात येत असतील तर बेस जास्त आहे, पण चांगला नाही.

ग्राफवर आंधळा विश्वास

ग्राफ, म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज येतो त्याचा आलेख, उपयोगाचा असतो, मीही पाहतो. पण तो कृत्रिम कानात ठरावीक खोलीवर बसवून काढलेला असतो. ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारा उंचवटा पुष्कळदा त्या कपलरच्या (कृत्रिम कानाच्या) नळीचा असतो, आणि टिप तुमच्या कानात किती खोल जाते त्यावर तो सरकतो. हरमन कंपनीच्या टार्गेटसारखे आदर्श आलेख म्हणजे अनेकांच्या आवडीची सरासरी. तुमची आवड तिच्याशी जुळलीच पाहिजे असं नाही. "शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलेल" या आशेवरही परत करण्याची मुदत घालवू नका. त्या काळात बदलतो तो बहुतेक आपला कान, त्याला सवय होते.

स्टेजवर एक कान मोकळा सोडणं

नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमात गायक एका कानातला मॉनिटर काढून गाताना दिसतात. प्रेक्षकांपासून तुटल्यासारखं वाटतं, ही त्यांची अडचण खरी आहे. पण मोकळ्या कानावर स्टेजचा सगळा दणका आदळतो आणि झाकलेल्या कानात व्हॉल्यूम चढत जातो. दोन्ही कान बंद ठेवा आणि साउंडवाल्याला सांगून प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माईक थोडासा मॉनिटरमध्ये घ्या, जोडीला किंचित रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा). कस्टम (स्वतःच्या कानाच्या मापाने बनवलेल्या) आयईएमसाठी कानाचा साचा देताना गायकांनी तोंड उघडं ठेवूनच द्यावा. मिटल्या तोंडाने घेतलेला साचा तारसप्तकात जबडा उघडला की सील सोडतो.

एका बाजूचा आवाज कमी, म्हणून लगेच फेकणं

आधी फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का ते बघा. मग मिनिटभरासाठी दोन्ही शेल अदलाबदल करून कानात धरा. कमीपणा शेलबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष शेलचा किंवा केबलचा, त्याच कानात राहिला तर कानाचा किंवा बैठकीचा. केबल सुटी होत असेल तर तिच्या बाजू उलटवून पाहा, म्हणजे केबल की शेल तेही उमगतं. टू-पिन (दोन पिनांची) केबल लावताना मात्र दोन्हीकडे पिनांची दिशा सारखी ठेवा. एक बाजू उलटी लागली की गायक मधोमध न राहता डोक्यात पसरतो आणि बेस पोकळ होतो. पुष्कळ जण यालाच "साउंडस्टेज (आवाजाचा पसारा) मोठं आहे" समजतात.

दोष शेलचा निघाला तर टिप काढून टॉर्चच्या उजेडात नोझलची (टिप बसते त्या तोंडाची) जाळी बघा. बहुधा तिथे कानातला मळ बसलेला असतो. टाचणी घालू नका, फुंकर मारू नका, पाणी तर नकोच. जाळी खाली करून मऊ, कोरड्या टूथब्रशने हळू झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. घालताना कागद चुरगळल्यासारखा कडकड आवाज आला तर घाबरू नका, आतल्या हवेने पडदा दबल्याचा तो आवाज असतो. सावकाश घाला किंवा दुसरी टिप लावा. आणि सगळं तपासूनही त्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर काडीने कान कोरत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.