रशियन विभक्ती: तक्ता नको, वाक्य धरा
रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. मराठी माणसाने त्यांना बिचकू नये. 'घर'चं 'घरात', 'घराला' आपण दिवसभर करतोच. फक्त तक्ते घोकत बसू नका. 'आ'कारान्त स्त्रीलिंगी नाम घ्या, जसं 'मस्क्वा' म्हणजे मॉस्को, आणि क्रियापदासकट पाठ करा: 'या झिवू व मस्क्व्ये', मी मॉस्कोत राहतो, 'या येदू व मस्क्वू', मी (गाडीने) मॉस्कोला चाललोय. नामाआधीचा 'व' तोच, राहताना शेवटी 'ए', जाताना 'ऊ'. मग हाच साचा 'श्कोला' म्हणजे शाळेला लावा: 'व श्कोल्ये', 'व श्कोलू'. आणि वहीत आघाताची, म्हणजे शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर येतो त्याची, खूण कराच! छापील रशियनमध्ये ती सहसा नसते, आणि आघात नसलेला 'ओ' बहुधा 'अ'सारखा उच्चारतात.