लोकसंख्येचं मॉडेल विचित्र वागतंय? आधी या चुका तपासा

१९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी अमेरिकेच्या जनगणनांच्या आकड्यांवर एस आकाराचा वक्र बसवला. तो इतका चपखल बसला की त्या देशाची लोकसंख्या १९ कोटी ७३ लाखांच्या पुढे जाणारच नाही, असं गणित निघालं. १९७० च्या जनगणनेत ती २० कोटींच्या वर होती. १९६० मध्ये हाइन्झ फॉन फोर्स्टर आणि सहकाऱ्यांनी वेगळं सूत्र लावलं. त्यात जगाची लोकसंख्या १३ नोव्हेंबर २०२६ रोजी अनंत होत होती! लेखात थोडा खोडकरपणा होता हे मान्य, पण वाढीचा जागतिक दर त्याच दशकात कळसाला पोचला आणि मग उतरू लागला.

दोन्ही सूत्रं मागच्या आकड्यांशी जुळत होती. मूल कधी होऊ द्यायचं, गाव कधी सोडायचं हे ठरवणारी माणसं मात्र त्यांत कुठेच नव्हती. म्हणून पहिली चूक हीच: एकूण आकडा जुळला की मॉडेल बरोबर, असं मानणं. निम्मे आकडे बाजूला ठेवा, उरलेल्यांवर पॅरामीटर (मॉडेलमधले दर आणि गुणक) ठरवा आणि मग झाकून ठेवलेल्यांशी पडताळा. शिवाय एकूण संख्येबरोबर वयोरचना, पहिल्या मुलाच्या वेळचं आईचं वय, कुटुंबाचा आकार हेही पाहा. चुकीच्या कारणांनी बरोबर आलेला आकडा इथे पकडला जातो.

वयाचा हिशोब

जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं) २.१ वर, म्हणजे नवी पिढी जुनीची जागा जेमतेम भरून काढेल एवढा, आणला तरी लोकसंख्या वाढतच राहते, असं दिसलं की नवखे लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. ती चूक नाहीच. आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या अजून मूल होण्याच्या वयात येत असतात. हा वाढीचा जडत्व-परिणाम नेथन कीफिट्झ यांनी १९७१ मध्येच मांडून दाखवला. उलट, तरुण लोकसंख्येत दर खाली आणताच वाढ तिथल्या तिथे थांबली, तर शंका घ्या. बहुधा वयोरचना वाटेत कुठेतरी हरवलीय.

खरी चूक असते ती अशी: लेस्ली मॅट्रिक्समध्ये (दर पायरीला प्रत्येक वयोगट पुढच्या गटात सरकवणाऱ्या जन्म-मृत्यू दरांच्या तक्त्यात) वयोगट पाच वर्षांचे आणि काळाची पायरी एक वर्षाची. मग ० ते ४ वयोगटातली सगळी मुलं वर्षभरात ५ ते ९ च्या गटात जातात आणि पिढ्या पाचपट वेगाने पुढे सरकतात. तपासणी सोपी आहे. जन्म, मृत्यू, स्थलांतर सगळं शून्य करा, २० ते २४ वयाची हजार माणसं टाका आणि मॉडेल दहा वर्षं चालवा. ३० ते ३४ च्या गटात नेमकी हजार माणसं मिळायला हवीत. ही चाचणी न करता पुढे गेलेली मॉडेलं आश्चर्य वाटावं इतकी जास्त असतात.

एका वर्षाच्या दरावर भरवसा

जपानमध्ये १९६६ साली एकूण जननदर १.५८ पर्यंत कोसळला आणि पुढच्याच वर्षी २.२ च्या आसपास परतला. ते ‘अग्नी-अश्व’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली अशुभ ठरतात या समजुतीपायी अनेक जोडप्यांनी बाळंतपणाचं वर्षच बदललं. अशा खड्ड्यावर कल बसवला की पुढचा सगळा अंदाज फसतो. बाळंतपणं हळूहळू उशिरा होऊ लागली तरी हाच घोळ मंद गतीने होतो आणि तो ओळखायला जास्त अवघड जातो. म्हणून वर्षाचे दर घेताना त्याच स्त्रियांच्या पिढीला अखेर किती मुलं झाली, हेही शेजारी मांडा.

एजंट आणि त्यांचे नियम

एजंट-आधारित मॉडेलमध्ये, म्हणजे एकेक माणूस किंवा कुटुंब वेगळं धरून त्याचे निर्णय संगणकावर चालवणाऱ्या मॉडेलमध्ये, प्रत्येक माणसाला स्वतंत्र फासा टाकायला लावला, तर ते नुसतं महागडं सरासरीचं गणित होतं. शेजारी, भावंडं, नोकऱ्या, घरं यांचा परिणाम निर्णयावर व्हायला हवा. लग्नाचा नियम तर जरूर तपासा: फक्त स्त्री-पुरुष लग्नं धरलेल्या मॉडेलमध्ये विवाहित पुरुष आणि विवाहित स्त्रिया यांची संख्या वेगळी येत असेल, तर जोड्या जुळवल्याच जात नाहीयेत.

इथला मोठा मोह म्हणजे आकडा जुळेपर्यंत खुंट्या पिळत राहणं. अ‍ॅरिझोनातल्या लाँग हाउस व्हॅलीच्या इ.स. ८०० ते १३५० या काळाचं प्रसिद्ध मॉडेल आहे. त्यातली कुटुंबं मका पिकवतात आणि दुष्काळात जागा बदलतात. लोकसंख्येची चढउतार बरीच जुळते, पण शेवटी मॉडेलमध्ये थोडी माणसं दरीत टिकून राहतात. प्रत्यक्षात मात्र दरी पूर्ण ओस पडली. संशोधकांनी ही तफावत झाकली नाही. केवळ हवामान आणि पीक यांनी दरी ओस पडण्याचं पूर्ण उत्तर मिळत नाही, हे तिच्यामुळेच दिसलं.

एकाच रनचा (मॉडेल एकदा चालवून आलेल्या निकालाचा) आलेख दाखवू नका, हे वेगळं सांगायला नको. निरनिराळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या अंकावर) अनेक रन घ्या आणि उत्तरांचा पट्टा दाखवा. लहान लोकसंख्येत तो पट्टा भलताच रुंद येतो.

एवढं करूनही गोंधळ राहिला, तर माणसांमधले सगळे परस्परपरिणाम बंद करा, फक्त वयानुसार जन्म, मृत्यू आणि स्थलांतराचे दर ठेवा. अनेक रनची सरासरी आता साध्या कोहॉर्ट-कंपोनंट पद्धतीच्या (प्रत्येक वयोगटात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर मिळवत-वजा करत पुढे जाणाऱ्या हिशोबाच्या) उत्तराशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर सिद्धांताला हात लावू नका, जमाखर्चातली चूक शोधा. जुळली तर एकेक परिणाम परत चालू करत जा, म्हणजे बिघाड कुठल्या नियमापाशी सुरू होतो ते दिसेल.