कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत जेवणाची आबाळ का होते? या चुका टाळा

कोल्हापूर शहरात जेवायला थोडा उशीर झाला तरी मटणाचे ताट कोठे ना कोठे मिळतेच. त्या सवयीने गगनबावडा, दाजीपूर किंवा चंदगडकडे निघालेला प्रवासी भूक लागेपर्यंत जेवणाचा विचार करत नाही, आणि सगळी फसगत तेथूनच सुरू होते. आडवळणाच्या गावातल्या घरगुती खानावळीत किती माणसे येतील याचा भरवसा नसल्यामुळे मटण आणणे, वाटण वाटणे आणि चूल पेटवणे हे सगळे सांगावा मिळाल्यावरच होते. म्हणून सकाळी वाटेत चहाला थांबल्यावरच पुढच्या गावात जेवण कोण करून देते याची चौकशी करावी, आणि माणसे किती, मटण हवे की शाकाहारी, पोहोचणार किती वाजता, हे तेथूनच फोन करून कळवावे. घाटात शिरल्यावर फोन लागेलच असे नाही. सांगून ठेवलेल्या जेवणाला न जाणे मात्र अक्षम्य आहे, कारण ते शिजलेले मटण खायला दुसरे गिऱ्हाईक येणार नसते.

दुसरी चूक वार न पाहण्याची. श्रावणात, तसेच एरवीही सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी अनेक घरांत मटण शिजत नाही. अशा दिवशी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हट्ट धरणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हमरस्त्यावरच्या ढाब्यावरचा लालभडक तवंग येतो. खरे तर तांबडा-पांढरा हे गावातले रोजचे जेवण नव्हेच. ‘आज घरात काय केलंय?’ असे विचारले, तर भाकरी, पिठले, खर्डा, आमटी आणि पावसाळ्यात कुर्डू किंवा टाकळ्याची भाजी ताटात येते, आणि माझ्या मते प्रवासातले उत्तम जेवण तेच.

तिखट सोसत नसेल तर ते फोडणीआधी सांगावे. कांदा-लसूण चटणी एकदा पडली की नंतर पाणी घालून रस्सा फक्त पांचट होतो. जीभ भाजलीच तर पाण्याचे पेले रिचवण्याऐवजी दही किंवा पांढरा रस्सा भातावर घ्यावा.

वेळ टळून गेलीच, तर एसटी स्टँडजवळ किंवा आठवडी बाजारात कढईतून समोर निघणारी भजी खावीत. सकाळपासून परातीत पडून राहिलेल्या वड्यांच्या वाटेला जाऊ नये.

हंगामाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचे नुकसान मात्र भरून निघत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी बहुतेक प्रवासी तो दुकानातूनच घेतात. थंडीच्या दिवसांत रस्त्यालगत उसाचा रस उकळण्याच्या भट्टीचा, म्हणजे चुलवाणाचा, धूर दिसला की गाडी बाजूला घ्यावी, गुऱ्हाळावर काकवी, म्हणजे पातळ गूळ, मागावी आणि त्यासाठी झाकणाची स्वच्छ बाटली जवळ ठेवावी. रसाची मोठी कढई, म्हणजे काहिल, उतरवण्याच्या घाईत गूळ करणाऱ्या गुळव्याला प्रश्न विचारू नयेत. आटलेला रस निवण्यासाठी वाफ्यात ओतला की गुळव्या स्वतःच कोमट गुळाचा खडा हातावर ठेवतो.

आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही असेच मानांकन आहे, पण आजऱ्यात जेवलो म्हणजे घनसाळच खाल्ला असे समजू नये. हा सुवासिक तांदूळ महाग असल्याने साध्या ताटात सहसा दुसराच भात असतो. घनसाळ हवा असल्यास ऑर्डर देतानाच तसे सांगावे आणि त्याचे पैसे वेगळे पडतील हे धरून चालावे.